पहिली जुनी जॅग्वार घेताना: एक्सजे सेडान निवडण्यापासून सांभाळण्यापर्यंत

जुनी ब्रिटिश आलिशान सेडान घ्यायची ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी पहिल्यांदा जॅग्वार एक्सजेचंच नाव सुचवतो. रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो देखणी आहे, पण तिच्या हायड्रॉलिक यंत्रणेची नीट जाण असलेला मेकॅनिक जवळपास असेल तरच तिच्या वाटेला जावं. एक्सजे मोठ्या संख्येनं बनली, तिचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात, आणि सहा सिलिंडरचं इंजिन शिकाऊ माणसालाही समजून घेता येतं. शिवाय चांगली एक्सजे आजही आवाक्याबाहेर गेलेली नाही. पैसे कमी पडतात ते वाईट एक्सजे घेतल्यावर.

हा लेख मुख्यतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी आहे, कारण या गाड्या तिथे बनल्या आणि आजही सर्वांत जास्त तिथेच मिळतात. कॉव्हेंट्री, गेडन, बर्मिंगहॅम या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी मंडळींना तर यातली बरीच ठिकाणं तासाभराच्या अंतरावर आहेत. भारतात गाडी ठेवू पाहणाऱ्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

आपण नेमकं काय विकत घेतो?

एक्सजे६ बाजारात आली २६ सप्टेंबर १९६८ रोजी. जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या देखरेखीखाली घडलेली ही शेवटची मोठी सेडान. तिचं रूप त्यांचं, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बॉब नाइट या अभियंत्याचं काम. रस्त्याचा आणि इंजिनाचा आवाज प्रवाशापर्यंत पोचू द्यायचा नाही, हा त्यांचा ध्यास होता. पुढचं सस्पेन्शन आणि इंजिन एका वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे सुट्या चौकटीवर, बसवलं आणि ती सबफ्रेम रबरी माउंटवर टेकवली. मागचं डिफरेन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा भाग), ब्रेक, स्प्रिंगा हे सगळं लोखंडी पिंजऱ्यात बांधून तो पिंजराही चार रबरी माउंटवर गाडीच्या पत्र्याला टांगला. टायरसुद्धा डनलॉपनं खास या गाडीसाठी घडवले. दीड टनाहून जड गाडी खड्ड्यावरून जाते आणि आत फक्त एक मऊ ठोका जाणवतो, तो यामुळे.

खरेदीचा प्रत्येक निर्णय या शांततेशी जोडून बघा. रबर म्हातारं होतं, ते ज्या पत्र्याला धरून असतं तो गंजतो, आणि हे दोन्ही झालं की उरते ती फक्त दिसायला सुंदर, चालायला ढिली गाडी. इंजिन पुन्हा बांधता येतं. त्याचा खर्च आधी विचारता येतो आणि तो ठरल्यासारखाच येतो. गंजलेला सांगाडा मात्र जसजसा उघडाल तसतसा वाढत जातो, म्हणून तपासणीत पत्रा आधी, रबर नंतर आणि इंजिन तिसरं.

पहिली पायरी: कोणती सीरिज हे घरी बसूनच ठरवा

मूळ एक्सजेच्या तीन सीरिज आहेत.

सीरिज १ (१९६८ ते १९७३) सर्वांत मूळ रूपातली. पुढची जाळी उंच, बंपर नाजूक, डॅशबोर्डवर अस्सल स्विचांची रांग. इंजिन २.८ किंवा ४.२ लिटरचं, दोन एसयू कार्ब्युरेटर असलेलं. हे एक्सके इंजिन घराणं १९४८ पासूनचं, म्हणजे त्याची नस न् नस मेकॅनिक लोकांना माहीत आहे. २.८ मात्र नवख्यांनी टाळावं असं माझं ठाम मत आहे. शहरात हळू चालवून सिलिंडरात कार्बन साचायचा आणि मग हमरस्त्यावर वेगात नेली की पिस्टनला भोक पडायचं, हा त्या इंजिनाचा जुना दुखणेकरी इतिहास. आज टिकलेल्या बऱ्याच २.८ गाड्यांमध्ये ही दुरुस्ती झालेली असते, पण पावती दाखवल्याशिवाय तसं मानू नका.

सीरिज २ आली १९७३ च्या शरद ऋतूत. अमेरिकी नियमांसाठी पुढचा बंपर वर सरकला, डॅशबोर्ड सुधारला, वातानुकूलन बरं झालं. पुढे लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, गाडीच नेहमीची झाली. तेव्हा जॅग्वारची मालक असलेल्या ब्रिटिश लेलंड या कंपनीच्या सर्वांत अवघड काळातली ही गाडी, त्यामुळे मूळ बांधणीत हयगय दिसते आणि त्या कारणानं ती स्वस्तही मिळते. आधीच्या मालकानं मनापासून सुधारलेली सीरिज २ सापडली तर ती या तिघींतला सर्वांत चांगला सौदा ठरू शकते. याच काळात दोन दारांची एक्सजे-सी निघाली, थोड्याच वर्षांसाठी. ती सेडान नव्हे आणि तिची किंमतही वेगळ्याच पातळीवर आहे.

सीरिज ३ (मार्च १९७९ पासून) ही माझी पहिली शिफारस. इटलीच्या पिनिनफारिनानं छत मागच्या बाजूला थोडं उचललं, काचा मोठ्या केल्या, दारांचे हँडल पत्र्यात बसवले. ४.२ ला इंधन इंजेक्शन मिळालं, त्यामुळे थंडीत सुरू होण्याची कटकट गेली. सुरुवातीच्या गाड्या मात्र सांभाळून बघा, कारण कॅसल ब्रॉमविचच्या नव्या रंगकामाच्या कारखान्यातून त्या वेळी मोजकेच रंग निघत होते आणि तेही धड निघत नव्हते. १९८० मध्ये जॉन ईगन जॅग्वारचे प्रमुख झाल्यावर गुणवत्तेवर नेटानं काम झालं, आणि १९८२ नंतरच्या गाड्यांत तो फरक हाताला जाणवतो. सहा सिलिंडरची सीरिज ३ नवी एक्सजे४० आल्यावर लवकरच थांबली. बारा सिलिंडरची व्ही१२ मात्र चालू राहिली आणि डेम्लर या जॅग्वारच्याच दुसऱ्या ब्रँडच्या डबल सिक्सच्या रूपात थेट १९९२ पर्यंत बनत होती.

व्ही१२ बद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मोह तिथेच होतो. ५.३ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन १९७२ मध्ये एक्सजेत आलं. चालतं तेव्हा त्याच्याइतकं मुलायम दुसरं काही नाही. पण बॉनेटखाली जागा उरत नाही, उष्णता भयंकर, स्पार्क प्लग बारा आणि त्यातले काही हाताला लागतच नाहीत. सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत पेट्रोलचे पाइप असतात. ते उष्णतेनं कडक होऊन चिरले तर आग लागते. डिस्ट्रिब्युटरमधली स्पार्क पुढेमागे करणारी यंत्रणा जाम होते. जुनं व्ही१२ एका लिटरमध्ये चार किलोमीटरच्या आसपास चालतं. १९८१ पासूनचं एचई नावाचं रूप, ज्यात मायकेल माय या स्विस अभियंत्याच्या रचनेचं सिलिंडर हेड आहे, जरा कमी पितं. सहा सिलिंडरची गाडी साधारण पाच-सहा किलोमीटर देते. व्ही१२ दुसरी गाडी म्हणून घ्या, पहिली म्हणून नको.

जॅग्वार आणि डेम्लर यांत यंत्रात फरक नाही. डेम्लरची जाळी वरून नागमोडी, आतली सजावट जास्त. डेम्लर व्हँडन प्लास हे त्यातलं सर्वांत सजवलेलं रूप.

दुसरी पायरी: भेटीआधी कागद

ब्रिटनमध्ये एक सोय फार मोठी आहे. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिच्या एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक तपासणीची, नोंद फुकट दिसते, साधारण २००५ पासूनची. ती एखाद्या कादंबरीसारखी सुरुवातीपासून वाचा. दरवर्षीचे मैल लिहून काढा. ‘करोजन’ (गंज) हा शब्द कुठे, किती वेळा आलाय ते बघा. एका वर्षी ‘मागच्या सबफ्रेमजवळ गंज’ असं लिहिलं आणि पुढच्या वर्षी ते गायब झालं, तर मधे वेल्डिंग झालं असणार. त्याची पावती मागा. पावती नसेल तर पत्र्यावर नुसता काळा लेप फासला गेलाय असं धरून चाला.

यात एक गोम आहे. मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही. त्यामुळे बऱ्याच सीरिज १ आणि २ गाड्यांची नोंद तिथेच थांबलेली दिसते. म्हणजे कित्येक वर्षांत कोणी तटस्थ माणसानं ती गाडी खालून बघितलेलीच नाही. सूट असली तरी स्वखुशीनं एमओटी करून घेता येते. विकणाऱ्याला ती करायला सांगा, खर्च तुम्ही द्या. त्यानं टाळाटाळ केली तर तिकडे जाण्याचा प्रवासखर्च वाचला.

व्ही-फाइव्ह-सी हे नोंदणीचं कागदपत्र बघताना लक्षात ठेवा की त्यावर नाव असतं ते नोंदणीकृत वापरकर्त्याचं. तो मालकीचा पुरावा नव्हे, त्यामुळे विक्रीची पावती वेगळी घ्यायलाच हवी. गाडीवर कर्ज बाकी नाही, ती चोरीची किंवा अपघातात बाद ठरवलेली नाही, यासाठी थोडे पैसे भरून खासगी तपासणी करून मिळते, ती करा.

तिसरा कागद मला फार आवडतो, तो म्हणजे जॅग्वार डेम्लर हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून गाडी कधी बनली, मूळ रंग आणि आतली सजावट कोणती, इंजिन क्रमांक कोणता, पहिल्यांदा कोणत्या विक्रेत्याकडे गेली हे त्यात असतं. चासी आणि इंजिनाचे क्रमांक या कागदाशी ताडून बघा. संग्राहक म्हणून पुढे जायचं असेल तर या कागदाला पर्याय नाही. ट्रस्टच्या जुन्या गाड्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये बघता येतात. खरेदीआधी एकदा तिथे जाऊन अस्सल एक्सजेचं क्रोम, दारांच्या फटी, लाकूड डोळ्यांत साठवून घ्या. मग बाजारातली तडजोड लगेच ओळखू येते.

तिसरी पायरी: गाडी बघायला जाताना

कोरड्या दिवशी, भरपूर उजेडात जा. ओला पत्रा सगळे दोष लपवतो. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. सोबत टॉर्च, जुने कपडे आणि एक अगदी हलका लोहचुंबक न्या. पुट्टी भरलेल्या जागी तो चिकटत नाही. शक्य असेल तर गाडी जवळच्या गॅरेजच्या लिफ्टवर चढवायची परवानगी मागा. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

आता पत्रा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

मागच्या चाकाच्या थोडं पुढे, मागच्या सीटखाली, जिथे सस्पेन्शनचे लांब दांडे गाडीच्या तळाला बोल्टनं धरलेले असतात, ती जागा सर्वांत आधी बघा. तिथे दोन-तीन पत्रे एकत्र येतात, पाणी आणि रस्त्यावरचं मीठ साचतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, हे इथल्या गाड्यांच्या मरणाचं एक नंबरचं कारण. ही जागा गेली असेल तर दारांखालच्या लांब पेट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्याही आतून गेलेल्या असतात. बाहेरचं सिल नवं आणि चकचकीत दिसतंय म्हणून खूश होऊ नका. आतलं सिल तसंच ठेवून वरून नवं झाकण वेल्ड केलेलं असतं. सिलच्या कडेचे वेल्ड सारख्या अंतरावर, कारखान्यासारखे आहेत का ते बोटांनी चाचपून बघा. जॅक लावायच्या जागा भक्कम हव्यात.

मग पुढे या. पुढची सबफ्रेम ही आतून पोकळ असते आणि आतूनच गंजते. इंजिनातून गळणाऱ्या तेलानं मागची बाजू वाचते, पण पुढची बाजू, विशेषतः रेडिएटरखालची, उघडी पडते. रेडिएटरखाली पत्र्याचे लहान फाटे असतात. ते कुजले असतील तर पुढचा सगळा भाग खोलावा लागेल असं समजा. हेडलाइटच्या भोवतीचा पत्रा, पुढच्या मडगार्डची मागची कडा, मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीत स्पेअर चाक ठेवायची खोल जागा: हे सगळं एकेक करून बघा. सीरिज ३ मध्ये समोरची आणि मागची काच चिकटवलेली असते आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यांत गंज धरतो. तिथे रंगाला फोड दिसला तर काच काढून काम करावं लागतं, आणि ती काच सुखरूप निघेलच असं नाही. नवख्यांना हा फोड क्षुल्लक वाटतो. मी तो बघून गाडी सोडायला सांगतो, किंवा किंमत बरीच खाली आणायला.

पेट्रोलच्या टाक्या दोन, मागच्या दोन्ही मडगार्डमध्ये एकेक, आणि प्रत्येकीला वेगळं झाकण. झाकणाभोवतीचं पावसाचं पाणी वाहून नेणारी नळी तुंबली की पाणी आत उतरतं आणि टाकी खालून कुजते. डिकीत पेट्रोलचा वास आला तर कारण हेच. डॅशबोर्डवरचं बटण दाबून दोन्ही टाक्यांवर गाडी चालते का, दोन्हींचा काटा हलतो का ते बघा.

चौथी पायरी: इंजिन आणि चालवून बघणं

थंड इंजिन सुरू करा. तेलाचा दाब काही क्षणांत वर यायला हवा. निळा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील जुने झालेत, इतकंच. चालवतानाही येत राहिला तर इंजिन उघडावं लागेल. इंजिनाच्या समोरच्या भागातून साखळी घासल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेनकडे बोट जातं: वरची साखळी ताणून घेता येते, खालच्या साखळीसाठी मोठं काम निघतं. व्हॉल्व्हची हलकी टिकटिक मात्र चांगली. एक्सके इंजिनाचे व्हॉल्व्ह अगदीच गप्प असतील तर ते फार घट्ट बसवलेले असू शकतात, आणि मग ते जळतात.

गाडी नीट तापल्यावर मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर तेलाचा दाब चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास हवा. काटा कमी दाखवत असेल तर लगेच निराश होऊ नका, या गाड्यांचा दाब मोजणारा सेन्सर बेभरवशाचा आहे. जाणकार मेकॅनिक वेगळं यंत्र लावून खरा दाब पाच मिनिटांत सांगतो. इंजिनाच्या मागच्या टोकाकडून थोडं तेल ठिबकणं हे एक्सके इंजिनाच्या स्वभावातच आहे. खाली थारोळं होत असेल तरच काळजी.

खरी काळजी थंड करण्याच्या यंत्रणेची. खालचा ब्लॉक लोखंडी, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. कूलंट वेळेवर बदललं नाही की हेड आतून झिजतं, ब्लॉकमध्ये गाळ साचतो, हेड बसवणारे लांब बोल्ट पाण्यात कुजतात. म्हणून इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत स्वच्छ रंगीत कूलंट हवं, तपकिरी गढूळ पाणी नको. फेरी मारून आल्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावरून नजर हलवू नका. व्ही१२ असेल तर ही कसोटी दुप्पट कडक ठेवा, कारण तापलेल्या व्ही१२ ची दुरुस्ती गाडीच्या किमतीपलीकडे जाते.

चालवताना रेडिओ बंद, गप्पा बंद, काचा वर. आधी खराब रस्ता शोधा. पुढून ठोका आला तर बुश किंवा बॉल जॉइंट गेले. गिअर घालताना किंवा ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडताना मागून ‘ठप’ असा आवाज आला तर मागच्या पिंजऱ्याचे रबरी माउंट किंवा ड्राइव्हशाफ्टचे जोड गेले. स्टिअरिंग हलकं असणं ठीक, गाडी तरंगत इकडेतिकडे जाणं ठीक नाही. मग हमरस्त्यावर ६० मैलांचा वेग धरा. चांगल्या एक्सजेत या वेगाला शेजारच्याशी कुजबुजत बोलता येतं. आवाज चढवावा लागत असेल तर रबराचं काम बाकी आहे. ते काम अवघड नाही, पण पुढचं-मागचं सगळं खाली उतरवायचं म्हणजे मजुरी लागते. किंमत ठरवताना ती वजा करा.

बोर्ग-वॉर्नरचा स्वयंचलित गिअरबॉक्स आळशी असतो, तो तसाच असतो. त्याचं तेल लाल हवं आणि जळका वास नको. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का पाहा. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत डिफरेन्शियलला लागून आहेत, आणि डिफरेन्शियलचं सील गळलं की तेल थेट डिस्कवर येतं. तिथे हात पोचत नाही म्हणून अनेक मालक ते काम पुढे ढकलतात. हँडब्रेक कमजोर लागला तर त्याचंही मूळ इथेच सापडतं.

विजेच्या वस्तू एकेक दाबून बघा. बहुतेक तक्रारी गंजलेल्या अर्थिंगच्या असतात आणि स्वस्तात सुटतात. वातानुकूलन चालत नसेल तर ते चालणारच नाही असं धरून किंमत बोला.

आतल्या बाजूला नवखे फार कमी वेळ देतात. अक्रोडाच्या लाकडाचा मुलामा तडकलेला, कातड्याला चिरा, सीरिज ३ च्या छताचं कापड लोंबणारं: या सगळ्याचा खर्च इंजिनाच्या कामाइतका सहज होतो. वॉटर पंप, बुश, ब्रेकचे भाग एका फोनवर घरी येतात. ब्रिजनॉर्थच्या एसएनजी बॅरॅटसारख्या दुकानांचा धंदाच तो आहे. पण सीरिज १ चा एखादा मूळ स्विच, बंपरचा विशिष्ट तुकडा किंवा दाराच्या आतलं क्रोम महिनोन्महिने सापडत नाही. म्हणून अपुरी गाडी घेऊ नका. थोडी जास्त चाललेली पण पूर्ण गाडी केव्हाही बरी.

पाचवी पायरी: कुठून घ्यायची आणि किती द्यायचे

सर्वांत चांगल्या गाड्या जाहिरातीत येण्याआधीच क्लबातल्या क्लबात हात बदलतात. म्हणून गाडी घेण्याआधी सभासद व्हा. जॅग्वार ड्रायव्हर्स क्लब आणि जॅग्वार एन्थुझियास्ट्स क्लब हे दोन मोठे. त्यांच्या स्थानिक बैठकांना जा, लोकांच्या गाड्यांत बसा, कोणता मेकॅनिक चांगला ते विचारा. ही मंडळी वेळ द्यायला कधी कंटाळत नाहीत, आणि एखादा जुना सभासद तुमच्याबरोबर गाडी बघायला आला तर त्याच्यासारखी तपासणी पैसे देऊनही मिळणार नाही.

लिलावात पहिली गाडी घेऊ नका. तिथे सहसा चालवून बघता येत नाही, आणि हातोडा पडल्यावरच्या किमतीवर खरेदीदाराचं कमिशन, त्यावर कर, असा आकडा वाढतो. कॅलिफोर्निया किंवा दक्षिण आफ्रिकेतून परत आलेल्या कोरड्या हवेतल्या गाड्यांचा पत्रा सुंदर असतो. मात्र उन्हानं डॅशबोर्ड, रबर आणि कातडं वाळलेलं असतं. मी तरीही अशी गाडी पसंत करेन. कातडं बदलता येतं.

रकमेबद्दल माझा हिशेब असा: जेवढे पैसे जमवलेत त्यातल्या दोन-तृतीयांशांची गाडी बघा आणि उरलेले पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. या गाड्यांच्या संपूर्ण पुनर्बांधणीचा खर्च बाजारभावातून निघत नाही. दुसऱ्या कोणीतरी तो खर्च आधीच केलेला असेल, त्याच्या पावत्यांची जाड फाइल असेल, तर ती फाइल म्हणजे तुमचा नफा. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली, फार कमी चाललेली गाडी ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात उभ्या गाडीचे सील सुकतात, ब्रेक जाम होतात, टाक्यांत पाणी साचतं. दरवर्षी दोन-तीन हजार मैल चाललेली गाडी घ्या.

सहावी पायरी: घरी आणल्यावर

विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधीच लेखी ठरतं. वर्षाचे मैल मर्यादित ठेवले तर हप्ता कमी होतो. चाळीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून रस्ता कर माफ असतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, ते आपोआप होत नाही. या वर्गात नोंद झालेल्या गाडीला लंडनमधलं यूलेझ, म्हणजे प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं, शुल्कही लागत नाही.

पहिल्या महिन्यात इंजिनाचं तेल, गिअरबॉक्सचं तेल, कूलंट, ब्रेकचं द्रव आणि सगळे रबरी होस बदला, आधीचा मालक काहीही म्हणो. इंजिनासाठी साधं २०डब्ल्यू-५० खनिज तेल योग्य. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते: पहिले दोन अंक आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दहा वर्षांहून जुने टायर नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाका. नवे घेताना मापाबरोबर प्रकारही बघा. पिरेलीनं या गाड्यांसाठीचा पी५ टायर पुन्हा बनवायला घेतलाय, आणि चुकीच्या कडक टायरनं या गाडीची सगळी शांतता जाते. पेट्रोल ई५ प्रतीचं भरा. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० झालं आणि त्यातलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना मानवत नाही.

हिवाळ्यात मीठ पडलेल्या रस्त्यावर गाडी काढू नका. काढलीच तर खालून गोड्या पाण्यानं धुवा. दोन-तीन वर्षांतून एकदा पोकळ जागांत मेण भरून घ्या. महिन्यातून एकदा तरी तेल पूर्ण गरम होईपर्यंत, म्हणजे किमान अर्धा तास, रस्त्यावर चालवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं हे न चालवण्याहून वाईट.

संग्रहाकडे वळताना

एक गाडी वर्षभर नीट चालवल्याशिवाय दुसरी घेऊ नका. त्यानंतर मात्र विषय खुलतो. कोणी तीन सीरिजची एकेक गाडी जमवतो, कोणी फक्त डेम्लर. मला स्वतःला छोट्या व्हीलबेसची मॅन्युअल गिअरची सीरिज १ आणि शेवटच्या वर्षांतली डबल सिक्स ही जोडी सर्वांत बोलकी वाटते: एका कल्पनेची सुरुवात आणि तिचं परिपक्व टोक.

मूळपणा जपा. कारखान्याचा रंग फिका झाला असला तरी तो जोवर पत्रा राखतोय तोवर नवा मारू नका. अवजारांची पेटी, मालकाची पुस्तिका, जुन्या सर्व्हिसचे शिक्के, पहिल्या विक्रेत्याचा काचेवरचा स्टिकर, जादा किल्ल्या हे सगळं एका खोक्यात घालून गाडीबरोबरच ठेवा. बदल करायचाच असेल तर परत मूळपदावर आणता येईल असाच करा आणि काढलेला भाग फेकू नका.

भारतात ठेवायची असेल तर

२००८ पासून जॅग्वार टाटांच्या, म्हणजे मुंबईच्या उद्योगसमूहाच्या मालकीची आहे, तरी जुन्या एक्सजे भारतात दुर्मीळच. गाडी उजव्या स्टिअरिंगची असल्यानं ती अडचण नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे सीरिज १ आणि सुरुवातीची सीरिज २ यात बसतात, सीरिज ३ अजून नाही. आयातीचे नियम आणि सीमाशुल्क अलीकडे बदलत आले आहेत, त्यामुळे ब्रिटनमध्ये पैसे देण्याआधी परकीय व्यापार महासंचालनालयाची चालू अधिसूचना सीमाशुल्क एजंटकडून लेखी तपासून घ्या. गाडी जहाजावर चढवण्यापूर्वी हेरिटेज प्रमाणपत्र, व्ही-फाइव्ह-सी आणि विक्रीची पावती या तिन्हींवर चासी क्रमांक अक्षरशः एकसारखा आहे ना ते बघा. एका अंकाचा फरक निघाला तर तो ब्रिटनमध्येच दुरुस्त करून घ्या, बंदरावर तो सुटत नाही.